सॅन्टनच्या तोंडातलं बटण

सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला आमच्या गावातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात शिरायचं आणि ओटीवर टांगलेला कुटुंबाचा फोटो बघायचा. आजोबांना डोळे आहेत, नाक आहे, कान तर चांगले ऐसपैस आहेत, पण तोंड नाही. तोंडाच्या जागी नुसता धूर. आजीचं तेच, सुनांचं तेच, पोराटोरांचंही तेच. वर उजव्या हाताच्या जागी छातीपासून कपाळापर्यंत एक पांढुरका पट्टा ओढलेला. नवखा पाहुणा घाबरूनच जायचा, की या घरात झालं तरी काय! काही झालेलं नसायचं. फोटो सॅन्टन तुस्कानोने काढलेला असायचा, बस्स.

आणि गंमत बघा, तिथून चार पावलांवर वर्तकांचं, म्हणजे हिंदूंचं घर. त्यांचाही फोटो सॅन्टननेच काढलेला, त्याच कॅमेऱ्याने, तसल्याच तिन्हीसांजेला. पण वर्तकांच्या अख्ख्या खानदानाची तोंडं शाबूत! थोरल्या वर्तकांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्या. मग आमची माणसं चिडणार नाहीत तर काय? "सॅन्टन, आपल्या माणसांवरच कसला राग काढतोस रे?" असं त्याला भर बाजारात विचारणारे होते. राजोडीची मार्था कोळीण तर मासळीची टोपली उतरवता उतरवता त्याला सुनवायची, "माजा फोटू काडशील तवा तोंडासकट काड हां! तोंड नसल तं मावरं कसं इकनार मी?"

सॅन्टन बिचारा हसून घ्यायचा. त्याला कारण ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं, पण त्यावर इलाज कोणाकडे नव्हता.

त्याचं असं होतं. सॅन्टन दिवसभर केळीच्या वाडीत. पाणी सोडायचं, खत घालायचं, घड उतरवायचे. गावातली बाकीची माणसंही आपापल्या वाडीत. उन्हातान्हात धुतलेले कपडे घालून फोटोला बसायला वेळ कोणाला होता? सगळी मोकळी व्हायची ती दिवस कलल्यावर. म्हणजे सॅन्टनच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला यायचा तो नेहमी उरलासुरला उजेड. कॅमेरा जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने आणून दिलेला, दोन भिंगांचा, वरून खाली वाकून बघायचा. चांगला होता, पण फ्लॅश कधीचाच बिघडलेला. त्यामुळे कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, तारेच्या टोकाचं बटण दाबून झडप उघडायची आणि पुरेसा उजेड आत जाईपर्यंत ती उघडीच धरायची. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. ओटीवर, तिन्हीसांजेला, म्हणजे दहा सेकंद.

आता हे दहा सेकंद मोजायचे कसे? एका हातात झडपेची तार, दुसऱ्या हाताची सावली भिंगावर, डोळे लोकांवर. घड्याळ बघायला तिसरा डोळा कुठून आणणार? आणि घड्याळ तरी सॅन्टनकडे कुठे होतं!

पण सॅन्टनकडे त्याची आई होती. बेलाबाय. या बाईने आयुष्यात घड्याळाकडे पाहून काही केलं नाही, वेळ मोजायची ती नमो मारियाच्या प्रार्थनेने. अंडं उकडायचं तर चाळीस नमो मारिया. चहा मुरायला सहा. पावाचं पीठ मळून झाकून ठेवलं की अख्खी रोझरी, पन्नास मण्यांची माळ. आणि तिची चाल अशी पक्की की गावच्या शाळेतल्या ॲन्सेल्म मास्तरांनी एकदा सेकंदकाटा लावून बघितलं, तर बेलाबायची एक नमो मारिया बरोबर दहा सेकंदांत बसली. दहा वेळा बघितलं, दहाही वेळा दहा सेकंद. मास्तरांनी हात टेकले. सॅन्टन लहानपणापासून रोज संध्याकाळी तिच्या शेजारी गुडघे टेकून रोझरी म्हणत मोठा झालेला, त्यामुळे तिची चाल त्याच्या जिभेत मुरलेली. म्हणून तो फोटो काढताना झडप उघडायचा आणि हळू आवाजात सुरू करायचा, "नमो मारिया, कृपापूर्णे..."

आणि इथेच सगळं बिघडायचं!

कारण रोझरीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. अर्धी नमो मारिया एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी बाकीच्यांनी. जन्मल्यापासून रोज संध्याकाळी पन्नास वेळा हेच केलेलं. समोर बसलेल्या माणसाच्या कानावर "नमो मारिया" पडलं की त्याचा हात आपोआप कपाळाकडे जायचा, क्रुसाची खूण करायचा, आणि सॅन्टन अर्ध्यावर आला की सगळं घर एका सुरात, "पवित्र मारिये, देवाच्या माते..." झडप उघडी! झाला तोंडांचा धूर.

लोक आधी शपथा घ्यायचे. "आज कोणी उत्तर द्यायचं नाही हां, ओठ घट्ट मिटायचे." घ्यायचे आणि विसरायचे. एका म्हाताऱ्याने तर ओठ चिमटीत धरून फोटो काढवला, तेव्हा त्याचं तोंड तेवढं आलं आणि मान हलली. वर्तकांना बिचाऱ्यांना हे काहीच ठाऊक नाही. त्यांना वाटायचं, सॅन्टन फोटोचा काही मंत्र म्हणतोय. ते श्वास रोखून बसायचे, आणि फोटो लख्ख!

"मनातल्या मनात म्हणा की," असं त्याची बायको रोझलीन त्याला हजारदा म्हणाली असेल. त्यानेही करून पाहिलं. पण मनातली प्रार्थना धावते. मास्तरांचं घड्याळ लावून बघितलं, तर तोंडाने दहा सेकंद आणि मनातल्या मनात चार. चार सेकंदांत फोटो असा काळाकुट्ट यायचा की त्यात माणसं आहेत हे सांगावं लागायचं. एक, दोन, तीन मोजून बघितलं, ते तर त्याहून पळायचं. त्यात आणखी एक गोष्ट होती. सर्वांत बिघडलेले फोटो कोणाचे, तर बेलाबायचे. सॅन्टनने आईचे आठ-नऊ वेळा फोटो काढले असतील. एकातही तिला तोंड नाही. मुलाचा आवाज ऐकला की ती सर्वांच्या आधी आणि सर्वांत मोठ्याने उत्तर द्यायची. "तुझी प्रार्थना अर्धी लोंबकळत ठेवू का रे फोटोसाठी?" असं वर विचारायची.

तर असं चाललं होतं, तेवढ्यात आमच्या चर्चमध्ये नवे फादर आले. माणूस शांत, पण शिस्तीचा. आल्या आल्या एका लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, वसई स्टेशनकडचा फोटोवाला फ्रेडरिक बॅटरीचा मोठा फ्लॅश घेऊन वेदीसमोर नाचला. पाच मिनिटांत तीस वेळा लख्ख, लख्ख, लख्ख. नवरी डोळे चोळायला लागली. फादरांनी पुढच्या रविवारी जाहीर केलं, "फोटो खुशाल काढा. पण वेदीसमोर वीज चमकवायची नाही." फ्रेडरिक म्हणाला, बिनफ्लॅशचा फोटो काढायला मी काय जादूगार आहे? आणि त्याने आमच्या चर्चची लग्नं घेणंच सोडून दिलं.

तेव्हा एका संध्याकाळी ॲन्सेल्म मास्तर सॅन्टनच्या ओटीवर येऊन बसले. त्यांच्या लिलीचं लग्न जानेवारीत ठरलं होतं, गास गावच्या फेबियनशी. मास्तरांचा चेहरा दात दुखणाऱ्यासारखा.

"सॅन्टन, राग येऊ देऊ नकोस," मास्तर म्हणाले. "दुसरा कोणी नाही म्हणून आलोय."

"मास्तर, मी कुठे रागावलो?"

"लिलीला एकच फोटो हवाय. वेदीसमोर एकमेकांचा हात हातात घेतात ना, तो. बाकी काही नको. पण पोरीला तोंड पाहिजे रे त्यात! माझी एकुलती एक पोर. तिची मुलं उद्या विचारतील, आईचं तोंड कुठाय?"

हे सॅन्टनला लागलं. गावाच्या थट्टेने जे लागलं नव्हतं ते मास्तरांच्या त्या पडलेल्या आवाजाने लागलं. मास्तर गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "रोझी, हा एक फोटो मी काढणार. हा बिघडला तर कॅमेरा मामाला परत. पुन्हा म्हणून हात लावणार नाही." रोझलीनने त्याच्याकडे पाहिलं. वाडीत राबून आल्यावर लाल दिव्याखाली कागदावर चेहरा उमटताना बघायचा, एवढा एकच शौक या माणसाला होता. दारू नाही, पत्ते नाहीत. कॅमेरा गेला तर या माणसाच्या संध्याकाळी कशा जातील, हे तिला कळत होतं. तिचं डोकं चालायला लागलं.

दोन दिवसांनी तिने त्याच्यासमोर कोटाचं एक मोठं काळं बटण धरलं. "तोंडात घ्या."

"काय?"

"घ्या तर! जिभेखाली नको, जिभेवर. आता म्हणा नमो मारिया."

सॅन्टन म्हणाला. म्हणजे जीभ बटणाभोवती सगळी प्रार्थना फिरली, पण बाहेर आला तो नुसता "म्म्म". मास्तरांचं घड्याळ मागवलं. दहा सेकंद! जीभ हलत होती म्हणून चाल कायम, आणि शब्द बाहेर पडत नव्हता म्हणून समोरचं कोणी हलणार नव्हतं. रोझलीनला उचलून घ्यावं असं त्याला वाटलं, पण आई समोर होती.

आई समोर होती म्हणजे हरकत आलीच. "मिस्साला जाताना तोंडात काही टाकायचं नसतं. कम्युनियनची भाकर उपाशी तोंडाने घ्यायचीय ना तुला?"

"आई, बटण आहे. बटण कोणी खातं का?"

बेलाबायने बटण हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, चार भोकं मोजली आणि म्हणाली, "गिळलंस तर फादरांना सांगायचं." एवढ्यावर परवानगी मिळाली.

लग्नाच्या दिवशी पाचची मिस्सा. आमचं चर्च जुनं, हातभर जाड भिंती, खिडक्या उंच आणि लहान. जानेवारीतला दिवस पाच वाजताच उतरलेला. सहा बल्ब, त्यातले दोन रुसलेले, आणि वेदीवरच्या मेणबत्त्या. सॅन्टनने आधीच येऊन अंदाज घेतला होता. भिंगाचा डोळा पूर्ण उघडला तर अर्ध्या नमो मारियेत भागणार होतं. कॅमेऱ्यात बारा फोटोंची फिल्म. दोन त्याने दारात नवरानवरीचे काढले. उरले दहा. त्यातला एक जरी चांगला आला तरी लिलीचं काम झालं.

वेदीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून त्याने तिपाई लावली. समोर लिली आणि फेबियन, आणि त्यांच्या मागे अगदी हाताच्या अंतरावर पहिलं बाक. पहिल्या बाकावर कोण, तर बेलाबाय. ही बाई प्रत्येक मिस्साला अर्धा तास आधी येऊन पहिलं बाक धरायची, लग्न कोणाचंही असो. तिला तिथे पाहून सॅन्टनने खिशात हात घातला. त्याने बटण जिभेवर नीट बसवलं.

वचनं झाली. फादरांनी लिलीचा हात फेबियनच्या हातात दिला. चर्चमध्ये टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता. सॅन्टन कॅमेऱ्यावर वाकला, खाली बघितलं, लिलीचा चेहरा काचेवर आला, ओठ, डोळे, सगळं. त्याने तार दाबली आणि झडप उघडली.

आणि वाकलेल्या तोंडातून बटण पडलं.

टक्! टक्, टक्, टक्... वेदीच्या तीन पायऱ्या उतरून बटण फरशीवर गरगरत गेलं आणि फादरांच्या बुटाशी जाऊन निजलं. चारशे माणसांनी ते पाहिलं. सॅन्टनची पाचावर धारण बसली. झडप उघडी, तार हातात, वेळ चाललाय, मोजायला बटण नाही. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याच्या तोंडून, त्या शांततेत, चांगलं खणखणीत बाहेर पडलं, "नमो मारिया, कृपापूर्णे..."

चारशे हात कपाळाकडे गेले. लिलीचा गेला, फेबियनचा गेला, फादरांचाही अर्ध्यापर्यंत गेला. सॅन्टनला वाटलं, पायाखालची फरशी उघडेल तर बरं. आणि अर्ध्यावर येऊन त्याची जीभ थांबते न थांबते तोच पहिल्या बाकावरून एक आवाज उठला. दुसरा कोणाचा असणार? बेलाबायचा. "पवित्र मारिये, देवाच्या माते..." तिच्यामागे अख्खं चर्च!

आता फादर काय करणार? प्रार्थनेला गप्प बसा म्हणायचं, तेही स्वतःच्याच चर्चमध्ये? आणि आमच्या लोकांची दुसरी खोड सांगतो. एकदा नमो मारिया सुरू झाली की माळेचे दहा मणी पुरे झाल्याशिवाय ते थांबत नाहीत. चारशे माणसं "आमेन" म्हणून सॅन्टनकडे बघत गप्प उभी राहिली. आता दुसरी कोण सुरू करणार? ज्याने पहिली केली तोच. मास्तर डोळ्यांनी त्याला खुणावत होते, म्हण, म्हण एकदाची, लग्न अडलंय!

सॅन्टनने उघडी झडप मिटली, फिल्म पुढे सरकवली आणि दुसरी सुरू केली. आणि सवयीने, हातात तार होतीच, झडप उघडली. त्याने खाली काचेवर बघितलं आणि त्याला जे दिसलं ते इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. कोणीही हलत नव्हतं! क्रुसाची खूण पहिल्या मण्यालाच होऊन गेली होती. आता सगळी माणसं आपल्या पाळीची वाट बघत होती. ओठ मिटलेले, डोळे उघडे, हात जागच्या जागी. रोझरीत आमची माणसं त्या पहिल्या अर्ध्यात जेवढी निश्चल असतात तेवढी झोपेतही नसतात. अरे, हे इतकी वर्षं कसं नाही कळलं मला! असं त्याचं झालं. अर्ध्यावर त्याने झडप मिटली. लोकांनी "पवित्र मारिये" सुरू केलं, तेवढ्या वेळात त्याने फिल्म पुढे सरकवली. तिसरी नमो मारिया, झडप उघडी. "पवित्र मारिये", फिल्म पुढे. चौथी. पाचवी. आता त्याचा आवाजही लागला होता. फादरांनी हात जोडले. नवरानवरी हातात हात घेऊन उभी. दहा मणी, दहा फोटो, आणि शेवटी "पित्याला, पुत्राला" म्हणून सगळे मोकळे झाले.

मिस्सा संपल्यावर फादरांनी सॅन्टनला मागे बोलावलं. तो मान खाली घालून उभा राहिला. फादरांनी खिशातून बटण काढून त्याच्या हातावर ठेवलं. "लग्नात रोझरी मी पहिल्यांदा पाहिली," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मला आधी सांग, म्हणजे मी 'आमच्या स्वर्गीय बापा'च्या प्रार्थनेपासून नीट सुरुवात करीन."

त्या आठवड्यात मास्तरांच्या घरी फोटो पोचले. पहिला वाया गेला होता, त्यात चारशे पांढुरके पट्टे होते. बाकीच्यांत लिलीला तोंड होतं, आणि असं होतं की हसू आवरून धरलेलंही त्यात दिसत होतं. मास्तरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि चष्मा पुसत आत निघून गेले. पुढची दहा-बारा वर्षं आमच्या गावात फोटो काढायचा तर आधी दोन मणी नुसते म्हणायचे आणि तिसऱ्याला, भिंगाचा डोळा पूर्ण उघडून, पहिल्या अर्ध्यापुरती झडप उघडायची, ही रीतच पडली. मार्था कोळणीचा फोटोही निघाला, तोंडासकट.

पण नववा फोटो सॅन्टनने मास्तरांना दिला नाही. नवव्या मण्याला फेबियन उभा राहून थकला असावा, त्याने पाय बदलला आणि नवरानवरी दोघंही धुरकट झाली. त्यांच्या मधून मागचं पहिलं बाक दिसत होतं, आणि बाकावर बेलाबाय. स्वच्छ. कपाळावरच्या रेघा, कानातले वेल, माळ धरलेली बोटं, आणि मिटलेलं तोंड. ती बघत होती ती नवरीकडे नाही, फादरांकडे नाही, थेट कॅमेऱ्याकडे.

लाल दिव्याखाली तो चेहरा पाण्यातून वर आला तेव्हा सॅन्टनने कागद चिमट्याने उचलून दिव्याजवळ धरला. मग त्याने रोझलीनला हाक मारली आणि दोघं मिळून बघत राहिले.

सकाळी त्याने तो आईपुढे धरला. बेलाबायने फोटो उजेडाकडे नेला.

"ही कोण बाई? इतकी गप्प?"

"तूच गं आई."

"मी कधी असते अशी?" तिने पुन्हा पाहिलं. "नाक माझंच आहे खरं."

"आई, सगळे नवरीकडे बघतायत," सॅन्टन म्हणाला. "तू माझ्याकडे काय बघत होतीस?"

"बघू नको तर काय करू?" बेलाबाय म्हणाली. "लहानपणी तू रोज मध्येच अडकायचास. आणि इथे तर चारशे माणसं. म्हटलं, अडकलाच तर पुढचा शब्द सांगायला कोणीतरी हवं."